तीस फेब्रुवारीची सावड

दिशाचं पोट तारखांवर चालत होतं. जोशीबुवांचं चालतं तसं नव्हे. हिंजवडीच्या एका कंपनीत ती प्रोग्राम लिहायची आणि परदेशातल्या हॉटेलांच्या बुकिंगमधल्या तारखा सरळ करणं एवढंच तिचं काम होतं. माणसं तारीख कशीही लिहितात. कुणी दिवस आधी लिहितं, कुणी महिना आधी, कुणी वर्षालाच पुढं बसवतं. आपण ३/४ लिहिलं की तीन एप्रिल, अमेरिकेतल्या माणसानं लिहिलं की चार मार्च. यंत्र बिचारं दोघांनाही मान डोलावतं. त्याला आधी सांगावं लागतं की बाबा, यातला दिवस कुठला नि महिना कुठला. मग ते त्या तारखेत चार दिवस मिळवतं, दहा काढतं, वार सांगतं. सांगितलं नाही तर आपल्या मनानं काहीतरी धरून चालतं, आणि चुकलं तरी हूं की चूं करत नाही. दिशा म्हणायची, तारीख दिसायला गरीब गाय, पण लाथ मारते ती नेमकी दूध भरल्यावर.

लग्न होऊन ती कोळवणच्या पुढच्या करंजवाडीत आली. नवरा किशोर भातशेती करायचा, पॉवर टिलर चालवायचा. दोघं पौडच्या कॉलेजात एका वर्गात होती. दिशा आठवड्यातून दोन दिवस स्कूटरवरून पौड, चांदे करत हिंजवडी गाठायची आणि उरलेले दिवस घराच्या माडीवरून काम करायची. तिथं नेटवर्क बरं यायचं. खिडकीतून वाडीची सगळी खाचरं दिसायची, त्यांच्यावरचा डोंगर दिसायचा आणि डोंगराच्या पायथ्याशी वाघजाईची शेंदूर फासलेली शिळा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला धरणाचं पाणी.

वाडीत लावणी सावडीनं होते. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. मजुरी नाही, हिशोब नाही. ज्यानं तुमच्या चिखलात एक दिवस कंबर वाकवली, त्याच्या चिखलात तुम्ही एक दिवस वाकवायची, आणि ही फेड शिमग्याच्या आत व्हायला हवी. ज्याची सावड बुडाली त्याचं नाक गेलं. सासूबाई, म्हणजे साळूबाई, सांगायच्या, "पैशे बुडवल्याला मानूस बी उजळ माथ्यानं फिरंल एकादा, पर सावड बुडवल्याला न्हाई."

आता सगळ्यांकडे फोन आले आणि कुणाची पाळी कधी यावरून व्हॉट्सॲपवर नुसता गोंधळ. एक म्हणे परवा, दुसरा म्हणे आयतवारी, तिसरा म्हणे बेंदराच्या दुसऱ्या दिशी. शेवटी दिशानं एका रविवारी बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. वाडीतल्या माणसानं आपण बोलतो तसं लिहून पाठवायचं, प्रोग्रामनं त्यातून तारीख हुडकायची आणि त्या दिवशी सकाळी सगळ्यांना निरोप द्यायचा, आज सावड अमक्याकडे, खाचर अमुक. तिनं त्याला परवा शिकवला, तेरवा शिकवला, आयतवार शिकवला, बेंदूर नि नागपंचमीही शिकवली. तारीख पाठवली की उत्तर येई. पुढची असली तर "ही तारीख अजून यायची आहे". मागची असली तर "ही तारीख होऊन गेली". आणि पोरंसोरं गंमत म्हणून पस्तीस जुलै पाठवत, तेव्हा "अशी तारीख नाही".

त्या फटकळ उत्तरांमुळं बायकांनी त्या प्रोग्रामचं नाव तारीखबाई ठेवलं. दोन आठवड्यांत असं झालं की कुणी काही विचारलं की, "तारीखबाईला इचार की!"

राहता राहिला मोडा. मोड्याच्या दिवशी रानात कुणी उतरायचं नाही. टिलर नाही, विळा नाही, गवताची काडी उपटायची नाही. त्या दिवशी जमीन वाघजाईची. गेणबा गुरवानं ज्येष्ठात कौल लावून त्या वर्षीचा मोडा सांगितला, सात ऑगस्ट. गेणबाकडे साधा फोन, त्यामुळं तो मोडा दिशानंच भरला. बाकी सगळी वाडी तारखा अक्षरांत लिहायची. दिशाचा हात पडला ऑफिसचा, तिनं लिहिलं ७/८.

आठ जुलैला सकाळी पाऊस कोसळत होता. किशोर चहा पिऊन टिलरला डिझेल घालत होता. त्या दिवशी टेपाच्या खाचरात त्याचीच सावड होती. चिखलणी करायला तो सगळ्यांच्या आधी जाणार होता. तेवढ्यात वाडीतले सगळे फोन एकदम वाजले.

"आज मोडा. रानात कुणी उतरू नये."

गेणबा डोक्यावर पोतं घेऊन धावत आला. "म्या आसं सांगितलं न्हाई! म्या फुडल्या म्हयन्यातला सांगितला."

दिशा लाजेनं अर्धी झाली. "तात्या, माझंच काहीतरी चुकलंय. मी बघते. तुम्ही जा सगळे कामाला."

पण कुणी हललं नाही. बायका पदर खोचून दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर सोडले. साळूबाईंनी किशोरच्या हातातला डिझेलचा डबा काढून घेतला.

"मोड्याचा सबूद निगाला, आता माघारी घ्येत न्हाईत. बस घरात."

किशोर कुरकुरत बसला. रोपांच्या मुठी काढून खालच्या खाचरात रचलेल्या होत्या, एक दिवस गेला तर पिवळ्या पडतील, वगैरे. दिशा माडीवर जाऊन चूक शोधू लागली.

चूक सापडायला वेळ लागला नाही. तारीख वाचण्याचा तुकडा तिनं ऑफिसच्या कामातून उचलला होता आणि तो अमेरिकेच्या रिवाजाचा, महिना आधी वाचणारा. सात ऑगस्टचा त्यानं आठ जुलै केला होता. तिनं कपाळावर हात मारला. सहा वर्षं दुसऱ्यांच्या तारखा निस्तरल्या आणि घरच्या तारखेला ठेच लागली.

ती जिना उतरत असताना आवाज आला. खडीचा डंपर पालथा करावा तसा, पण थांबेचना. मग मातीचा वास आला, ओल्या, उकरलेल्या, फार खोलच्या मातीचा. सगळे बाहेर धावले. डोंगराची एक बाजू सालपट निघावं तशी निघून टेपाच्या खाचरावर येऊन बसली होती. खाचर नव्हतंच. बांध नव्हता, बांधावरचा उंबर नव्हता.

किशोर बघत उभा राहिला. त्याच्या हातात दुसऱ्या चहाचा कप तसाच होता.

दिशानं सगळ्या वाडीसमोर त्याचा दंड धरला आणि सोडला नाही. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. आपल्या चुकीला नमस्कार करणारी प्रोग्रामर जगात आपण पहिलीच, असं तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाची तरी इतकी ऋणी झाली होती, आणि कुणाची ते तिला सांगता येत नव्हतं.

तिनं काय घडलं ते गेणबाला नि सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. दिवस आधी, महिना आधी, सगळं. गेणबानं ऐकून घेतलं.

"व्हय, तुजा हिशेब बरोबर हाय," तो म्हणाला. "पर सात आगस्ट तरी वाघजाईनंच दिली व्हती नव्हं? तुजा हात कसा वळतोय ते तिला म्हाईत नसंल व्हय?"

साळूबाईंनी वाघजाईची खणानारळानं ओटी भरली. दिशाही गेली, आणि तिनं मनापासून डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर सगळे दरड बघायला गेले. दरड टेपाचं खाचर गिळून खालच्या खाचराच्या बांधापाशी थांबली होती. ते खालचं खाचरही किशोरचंच, चिखलणी करून ठेवलेलं, लावणी राहिलेलं.

ते पूर्ण लागलं होतं.

बांधापासून बांधापर्यंत रोपं उभी होती. रचलेल्या मुठी संपल्या होत्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी लावलं? मोड्याच्या दिवशी कोण उतरणार? वरच्या कातकरवाडीच्या फुलाबाईला विचारलं. ती दर साल लावणीला येई. तिनं कानांवर हात ठेवले. "आमी मोडा पाळतोय बाई. आन दरड आल्यावर तितं कोन जाईल?"

गेणबा खाली बसला. त्यानं दोन रोपांच्या मधे हाताची वीत ठेवून पाहिली. मग पुढच्या दोन रोपांत. मग पुढच्या.

"आपून येवढं पातळ लावत न्हाई," तो म्हणाला. "माजी आजी आसं लावायची. ती धरनाखाली ग्येल्या गावची. तितली सारी वितीनं लावायची."

चिखलात पाऊलखुणा असायला हव्या होत्या, पण पाणी भरलं होतं. साळूबाईंनी पाण्यात हात बुडवून एक रोप हलवून बघितलं. ते पक्कं बसलं होतं.

"झ्याक लावलंय," त्या म्हणाल्या. "कुनी का लावंना. लावनारीचं हात दुकू नयेत."

दिशानं प्रोग्राम दुरुस्त केला. आधी दिवस, मग महिना. शिवाय नियम कडक केले. पुष्कळ प्रोग्राम अशा बाबतीत मवाळ असतात. एकतीस जून दिला की ते कुरकुर न करता पुढं सरकून एक जुलै धरतात. दिशानं ती सवलत काढून टाकली. कॅलेंडरात नाही ती तारीख नाही. वेड्यावाकड्या तारखा देऊन तिनं ते तपासून पाहिलं. तारीखबाई दर वेळी फटकारायची, अशी तारीख नाही. सात ऑगस्टचा खरा मोडा वेळेवर लागला आणि शांतपणे पार पडला.

भात वाढत गेलं. विती-वितीवर लावलेलं खाचर सगळ्यांत भरदार झालं.

गणपती होऊन गेले आणि एके दिवशी सकाळी पुन्हा निरोप आला. या वेळी एकट्या किशोरच्या फोनवर.

"आज मोडा. किशोरनं रानात उतरू नये."

किशोर खाचराचं पाणी सोडायला निघाला होता. तो उंबऱ्यातून मागं फिरला, दिशाला फोन दाखवला आणि निमूट पायातल्या चपला काढल्या. पहिल्यासारखा कुरकुरला नाही.

दिशा माडीवर गेली. कुठल्याही निरोपामागं कुणीतरी पाठवलेलं वाक्य असायचं, ज्यातून तारीख काढली ते. इथंही होतं. पाठवणाऱ्याच्या नंबराची जागा कोरी. वाक्य असं होतं:

"भात पोटरीला आल्यावर तिसऱ्या दिशी."

तिनं ते दोनदा वाचलं. मग प्रोग्रामला शिकवलेले शब्द काढून बघितले. बेंदूर होता. आयतवार होता. तेरवा होता. पोटरी नव्हता. तिनं तो शिकवलाच नव्हता. तिला स्वतःलाच तो नीट माहीत नव्हता. तिनं खाली येऊन विचारलं, "आत्या, भात पोटरीला येतं म्हणजे काय?"

"कनीस पोटात धरतं तवा. गरवार व्हतं म्हन की."

"आपलं कधी आलं?"

साळूबाईंनी बोटांवर दिवस मोजले. "परवा. परवाच म्या किसोरला म्हनलं. का गं?"

दुपारी फुलाबाई ओरडत आली. खाचरावरून गेलेली विजेची तार तुटून पाण्यात पडली होती. दिशानं फोन करून वीज बंद करवली. मग सगळे बांधावर जाऊन उभे राहिले. तारेच्या भोवती पाण्यावर चार-पाच बगळे पसरले होते, पंख उघडे. खेकडे उलटे तरंगत होते. पाणी सोडायची मोरी तिथून हातभर लांब होती.

किशोर खाली बसला.

मोरीशेजारचा बांध जुलैत दरडीनं फुटला होता, तिथलं खिंडार तसंच राहिलेलं. ते कुणीतरी बुजवलं होतं. ताजा चिखल थापून, वरून हातानं सारवल्यासारखा गुळगुळीत केलेला. बोटं उमटली होती. बारीक, बायकी.

त्या दिवसापासून दिशानं शोध घेणं सोडलं. ऑफिसात तिनं असं कधीच केलं नसतं. कारण सापडल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. पण इथं तिचा नवरा दोन वेळा जिवंत राहिला होता. रोज संध्याकाळी तो चिखलाचे पाय धुऊन आत यायचा आणि ती त्याच्याकडे बघत राहायची. "काय बगतेस?" तो विचारायचा. ती म्हणायची, काही नाही. देणाऱ्याचा हात दिसत नसला म्हणून घेणाऱ्यानं पालथी मूठ करायची नसते. ती रोज माडीच्या खिडकीतून वाघजाईच्या शिळेकडे बघून हात जोडायची आणि मग लॅपटॉप उघडायची.

भात कापलं, झोडलं, कणग्या भरल्या. संक्रांत झाली. वाडीतल्या सगळ्या सावडी एकेक करून फिटत आल्या. कुणी कुणाच्या हरभऱ्याला गेलं, कुणी घर शाकारायला. तारीखबाई रोज सकाळी सांगायची, आज अमक्याची फेड.

आणि एका सकाळी:

"सावडीची फेड. किशोर. वाघजाईचं खालचं खाचर. तीस फेब्रुवारी."

दिशानं वाचलं आणि आधी तिला घामच फुटला. मग तिनं पुन्हा वाचलं आणि तिच्या छातीवरचा दगड उतरला. तीस फेब्रुवारी! ती मोठ्यानं हसली.

"अहो, ही तारीखच नाही. येणारच नाही कधी."

तिला वाटलं, किती दयाळू आहे जे कोण आहे ते. मागायचा हक्क होता, मागितलंही, पण न येणारी तारीख देऊन मागितलं. तिचा तो कडक नियम मोडून हा निरोप कसा आला, हा प्रश्न तिला पडला होता. तो तिनं बाजूला सारला.

गेणबाला निरोप वाचून दाखवला तेव्हा तो हसला नाही. "वाघजाईचं खालचं खाचर," तो म्हणाला. "आजी सांगायची त्याचं. देवीच्या नावाचं रान. त्याची लावनी गावच्या बाया कुनाच्या बी आदी करायच्या."

"कुठं आहे ते?"

"धरनाच्या पोटात." त्यानं डोंगराच्या पलीकडं हात केला. "शंबर वरसं झाली."

साळूबाई मात्र रागावल्या. तारीख नाही म्हणजे काय? "जिनं माजा ल्योक दोनदा राखला, खाचार लावून दिलं, बांद घातला, तिची सावड बुडवायची? तारीक न्हाई म्हून? आगं, आपल्याला नसंल. तिला आसंल!"

"आत्या, फेब्रुवारीला अठ्ठावीसच दिवस आहेत यंदा."

"तुजं कालनिर्नय तुज्यापाशी ऱ्हाऊ दे."

दिशानं वाद घातला नाही. पण सासूबाईंच्या बोलण्यानं तिच्या मनात एक कुसळ रुतलं. मवाळ प्रोग्राम तीस फेब्रुवारीचं काय करतात ते तिला पाठ होतं. अठ्ठावीसच्या पुढं दोन दिवस मोजतात आणि दोन मार्च धरतात. म्हणजे भ्यायचंच असेल तर दोन मार्चला. तिनं त्या दिवसाची रजा टाकली. त्या दिवशी किशोरला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, आंघोळीलासुद्धा दाराशी उभं राहायचं, असं तिनं ठरवून टाकलं. किशोर म्हणाला, "मंग येक दिस नवऱ्याला कोंडून घाल. वाडीत लई नाव व्हईल."

अठ्ठावीस फेब्रुवारीला कोळवणला त्याच्या मित्राची हळद होती. किशोर सकाळीच दाढी घोटून, पांढरा शर्ट घालून गेला आणि दिवस मावळायच्या आत परत आला. गुळगुळीत गाल, पाठीवर कुणीतरी उमटवलेला हळदीचा पंजा. जेवून लगेच झोपला. दिशा चुलीपाशी सासूबाईंकडे गेली तर त्या फडक्यात भाकरी नि ठेचा बांधत होत्या.

"हे कुणाला?"

"सावडीला जानाऱ्याची न्ह्यारी घरची आसती," त्या म्हणाल्या. गाठ मारून त्यांनी फडकं दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं.

दिशानं दाराला आतून कडी घातली, वर कुलूपही घातलं. किल्ली आपल्या उशाखाली ठेवली. किशोरच्या मनगटावर हात टाकून झोपली. दोन मार्चला अजून वेळ होता, पण हात ठेवायला काय हरकत होती?

उजाडलं तेव्हा तिचा हात त्याच्या मनगटावरच होता. मनगट गार होतं.

ती ताडकन उठली. तो श्वास घेत होता, लांब, थकलेला, दिवसभर राबलेल्या माणसाचा. तिनं देवाचं नाव घेतलं. मग तिला वास आला. ओल्या, उकरलेल्या, फार खोलच्या मातीचा.

तिनं गोधडी उचलली.

त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. काळाभोर, लोण्यासारखा मऊ चिखल. बाहेर मार्च होता. खाचरांना भेगा पडल्या होत्या, वाडीत पाय भरेल एवढा चिखल कुठंच नव्हता. बोटांची कातडी पाण्यात राहून सुरकुतली होती. नखांत हिरवं काहीतरी अडकलं होतं.

दाराला कडी होती. कुलूप होतं. किल्ली उशाखाली होती.

"अहो." तिनं त्याच्या गालाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

गालावर दाढी वाढली होती. एका रात्रीची नव्हे. हाताला मऊ लागली, महिनाभर राखल्यासारखी.

किशोरनं डोळे उघडले. तिच्याकडे बघून तो हसला. फार दिवसांनी भेटलेल्या माणसाकडं बघून हसतात, तसा.

"शिमगा झाला का?" त्यानं विचारलं.

"नाही हो. आज एक तारीख. परवा आहे."

"येक?" त्याला ते पटेना. त्यानं छताकडं बघत विचार केला. "मला वाटलं, झाला आसंल." मग त्याचे डोळे पुन्हा मिटले. "लई मोठं खाचार हाय गं," तो झोपेतच म्हणाला.

दिशा त्याच्या पायाशी बसली. ती घाबरली होती, पण त्याहून जास्त ती कृतज्ञ होती. ते लपवण्यात अर्थ नव्हता. नेलं, राबवलं आणि परत आणून सोडलं. दिलेला शब्द पाळून, जिथून उचललं तिथंच. तिनं पदरानं त्याचा एकेक पाय पुसला आणि मनात म्हणाली, फिटली. आता फिटली.

सासूबाईंनी हाक मारली.

कोनाड्यातलं फडकं जागेवर होतं. धुतलेलं होतं, अजून ओलं होतं, पण वर नवी गाठ होती. साळूबाईंनी ती सोडली. आत भाकरी नव्हती. भाताच्या रोपांची एक मूठ होती, हिरवीगार, मुळांना पाणी निथळत असलेली.

साळूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ती मूठ कपाळाला लावली.

"बग, रीत सोडली न्हाई तिनं. रिकामं फडकं माघारी धाडलं न्हाई." मग त्या रोपांकडे बघत हळूच म्हणाल्या, "आता आपल्याला बी रिकाम्या हातानं ऱ्हाता यायचं न्हाई."

दिशा माडीवर गेली. खिडकीतून डोंगर स्वच्छ दिसत होता. तिनं हात जोडले, रोजच्यासारखे. मग तारीखबाईला लिहिलं: तीस फेब्रुवारी.

अशी तारीख नाही, असं उत्तर यायला हवं होतं.

"ही तारीख होऊन गेली."

खाली साळूबाई पीठ मळत होत्या. परातीचा आवाज येत होता. मग तिनं लिहिलं: एकतीस फेब्रुवारी.

"ही तारीख अजून यायची आहे."